'तक्रार मिटली' हे कुणी म्हणायचे?

संपादक महोदय,

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची म्हणून सध्या गृहनिर्माण संस्थांमध्ये धावपळ चालू आहे. त्यानिमित्ताने थोडे लिहिते. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेणारी. शिवाय आमच्या सोसायटीची सचिव, म्हणजे तेच काम बिनपगारी.

आमचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला सी विंगमधल्या एका काकूंनी छताच्या ओलीचा फोटो टाकला. त्याखाली कुणीतरी 'प्लंबरला सांगितलंय' असे लिहिले, त्यावर तीन-चार अंगठे आले, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघाला आणि गळती शुभेच्छांखाली गाडली गेली. समितीच्या लेखी विषय मिटला होता. काकूंच्या छताखाली बादली तशीच होती.

आमच्या धंद्यात हे चालत नाही. वेब ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने १९९८ मध्ये बगझिला नावाची, सॉफ्टवेअरमधले दोष नोंदवायची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिथे प्रत्येक दोषाला क्रमांक मिळतो आणि त्याबद्दलची सगळी चर्चा त्या क्रमांकाखालीच होते. प्रोग्रामरने काम केले की नोंद 'सोडवले' या टप्प्यावर जाते. 'पडताळले' हा टप्पा त्यापुढचा, आणि तो शेरा दुसऱ्या कुणीतरी स्वतः तपासून मारायचा असतो. दुरुस्ती न करता नोंद बंद करायची तर कारण द्यावे लागते: 'करणार नाही', 'आधीच्याच तक्रारीची पुनरावृत्ती' किंवा 'माझ्याकडे तर नीट चालतंय'. हे शेवटचे कारण आमच्या समितीत फार लोकप्रिय आहे, कारण समितीतल्या कुणाच्याच घरात गळत नाही!

पुनरावृत्तीचा शेराही फार कामाचा. तक्रारी एका खुल्या शीटवर घ्यायला लागल्यावर कळले की काकूंचे छत, खालच्या मजल्यावरची फुगलेली भिंत आणि जिन्यातली ओल या तिन्हींचे मूळ एकाच पाइपात आहे. व्हॉट्सॲपवर ती तीन वेगवेगळी भांडणे होती.

चर्चेचेही तसेच. लिफ्ट दुरुस्त करायची की नवी बसवायची, यावर आमच्याकडे सभाच्या सभा गेल्या. बर्कलीत वास्तुरचना शिकवणारे जर्मन प्राध्यापक होर्स्ट रिटेल आणि त्यांचे सहकारी वेर्नर कुन्झ यांनी १९७० मध्ये अशा चर्चांसाठी एक साधी मांडणी सुचवली होती. आधी प्रश्न लिहायचा, त्याखाली पर्याय, आणि प्रत्येक पर्यायाखाली बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे. पुढे संगणकावर त्याची साधने झाली, पण आम्ही ते एका मोठ्या कागदावर केले. 'सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखलेल्या निधीत, पैसे आहेत का?' हा मुद्दा एकदाच लिहिला गेला. एरवी तो प्रत्येक जण उभा राहून, जणू आताच सुचल्यासारखा मांडतो.

'आपली धुणी चारचौघांत कशाला?' असा आक्षेप येतोच. डेबियन ही स्वयंसेवकांनी घडवलेली संगणकप्रणाली जगभर वापरली जाते. तिच्या १९९७ च्या सामाजिक करारात, आम्ही दोष लपवणार नाही आणि दोषांची संपूर्ण नोंद कायम सर्वांना खुली ठेवू, असे कलमच आहे. मग सोसायटीच्या सभासदांनी आपल्याच गच्चीबद्दल एकमेकांपासून काय लपवायचे? ज्येष्ठांना मोबाइलवर शीट बघणे जमत नाही हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यांच्यासाठी आम्ही दर सोमवारी नोटीस बोर्डावर प्रत लावतो आणि सर्वांत जास्त बारकाईने तीच वाचली जाते.

कोणती तक्रार निबंधकाकडे न्यायची, कोणती सहकार न्यायालयात आणि कोणती महापालिकेकडे, याची यादी आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत, आहे. तिथवर जायची वेळ येण्याआधी सोसायटीतच एक खुली तक्रारवही हवी आणि तिच्या शेवटच्या रकान्यात सही हवी ती तक्रारदाराची, समितीची नव्हे. सहकार खात्याने याचा विचार करावा. तोवर सोसायट्यांनी यंदाच्या सभेत तसा ठराव घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त सभेची नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते, तेव्हा विषयपत्रिका छापायला देण्यापूर्वी हा विषय त्यात घालावा.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव