निदानापासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पतींना ‘ग्लिओब्लास्टोमा’ हा मेंदूचा कर्करोग असल्याचे आठ महिन्यांपूर्वी कळले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर आता दर २८ दिवसांतील ५ दिवस टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल घरीच द्याव्या लागतात. हा आजार बरा होत नाही, औषधाने फक्त काही काळ हाती लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आधी उलटीवरची गोळी, मग रिकाम्या पोटी कॅप्सूल, तीही न उघडता, एवढे मी शिकले; परंतु स्टेरॉइडमुळे रात्रभर जागणाऱ्या, चिडणाऱ्या, बोलता बोलता शब्द हरवणाऱ्या माणसाला कसे सांभाळावे, फिट आल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर कसे वळवावे, हे रुग्णालयात कोणीही सांगितले नाही. (कांदा हुंगवण्याचा सल्ला मात्र तीन शेजाऱ्यांनी दिला.)

पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करून त्याला व कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून अस्तित्वात आहे. तरीही ही सेवा म्हणजे अखेरच्या दिवसांची सोय, असाच समज डॉक्टरांमध्येही दिसतो. घरी येऊन पाहणारी परिचारिका आणि रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी, एवढी व्यवस्था प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने निदानाच्या दिवसापासूनच करून द्यावी, अशी आरोग्य विभागास विनंती आहे. आमचे पुढचे पाच दिवस येत्या सोमवारपासून सुरू होत आहेत.

– एक वाचक, सातारा