मिकीच्या सहीसाठी वही बांधणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र जाहीर आहे, तरी तुमचं नाव त्यात घातलेलं नाही. परवा फोटो दाखवायला आले होते, तेव्हा तुम्हीच हात झटकून म्हणालात, "लिहायचं तर लिहा, नावबिव नको. गिऱ्हाइकाला दुकान बरोबर सापडतं." तेव्हा नुसतं काका. वाचून दाखवायचं काम तुमचा भाचा करेल, कारण तुम्ही मोबाइल फक्त फोन घेण्यापुरता वापरता हे मला आता माहीत झालंय.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही पावसाचा विषय काढता, नाहीतर कोणाच्या तरी प्रबंधाचा गठ्ठा पुढे ओढता. म्हणून लिहून मानते. इथे मला मध्येच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. माझे धाकटे दीर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला असतात. तिथून ऑर्लँडो गाडीने दीडेक तासावर. यंदा मेमध्ये आम्ही दोघं, लेक आणि सासरे असे त्यांच्याकडे गेलो आणि मुलं बरोबर असल्यावर जिथे जातात तिथे, म्हणजे डिस्ने वर्ल्डला, सगळी वरात निघाली. लेकीला उंच राइड्सची भीती वाटते. तिचा जीव अडकला होता सह्यांत. तिथे मिकी, मिनी, गूफी, डोनाल्ड, झालंच तर सगळ्या राजकन्या ठरलेल्या जागी भेटतात. मुलं रांग लावतात, मग मिठी, फोटो आणि वहीत सही. करोनानंतर बाग उघडली तेव्हा ही मंडळी लांबूनच हात हलवायची. मिठ्या आणि सह्या एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. जावेची थोरली नेमकी त्या मधल्या काळात जाऊन कोरी वही घेऊन परत आली होती. ते दुःख तिने फोनवरून माझ्या लेकीच्या इतक्या गळी उतरवलं होतं, की हिने इथे जानेवारीपासूनच "माझी वही कुठाय" लावलं होतं.

तयार वह्या मिळतात. तिथल्या दुकानांत तर चित्रं छापलेल्या, चकचकीत. पण सासऱ्यांनी मोडता घातला. ते आत गेले आणि कपाटातून स्वतःची स्वाक्षऱ्यांची वही घेऊन आले, शाळेत असतानाची. त्यात क्रिकेटपटू चंदू बोर्डे यांची सही आहे, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती बघावी लागते. "ही बघ," ते म्हणाले, "पुढून दिसते त्याहून मागच्या पानावर नीट दिसते. कागद हलका, शाई आरपार. ज्याची सही घ्यायची त्याच्या मानाने वही नको का?"

म्हणून एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, आम्ही तिघं आप्पा बळवंत चौकातून तुमच्या बोळात शिरलो.

मला वाटलं होतं तुम्ही साइज विचाराल, कागद विचाराल, रेक्झिनचे रंग दाखवाल. तुम्ही विचारलंत, "सही करणार कोण?"

"मिकी माउस," मी म्हटलं. जरा संकोचूनच म्हटलं, कारण समोर कोणाच्या तरी पीएचडीवर सोनेरी अक्षरं उठत होती. तुम्ही हसला नाहीत. "त्याच्या हातात काय असतं?" हातमोजा. "केवढा?" लेकीने आपले दोन्ही पंजे शेजारी शेजारी धरून दाखवले. "बोटं किती?" यावर मी गप्प. लेक म्हणाली, "तीन आणि अंगठा." तिचं बरोबर होतं.

मग तुम्ही जे केलंत ते मी प्रवासभर सगळ्यांना सांगत सुटले. खळ पुसायचं ते फडकं तुम्ही उजव्या हाताला गुंडाळलंत, करंगळी आत दुमडून घेतलीत, शेल्फवरची एक तयार डायरी डाव्या हातात धरलीत आणि उभ्याउभ्या सही करायला लागलात. बॉलपेन निसटलं. पुन्हा धरलंत, तर डायरी आपोआप मिटली. ती कोपराने दाबलीत, तर पान वर उचललं गेलं. भाच्याकडून गठ्ठ्यांवर नंबर टाकायचं जाड मार्कर मागून घेतलंत, तेव्हा कुठे एक वेडावाकडा फराटा उमटला आणि लगेच मागच्या पानावरही उतरला. फडकं सोडता सोडता तुम्ही म्हणालात, "आतमध्ये बिचारा माणूसच असणार. त्याला सोपं जायला पाहिजे."

मी तोपर्यंत फक्त लेकीचा विचार करत होते. वहीवर तिचं नाव कुठे येईल, गुलाबी रंग मिळेल का, असला. सही करणाऱ्याच्या हाताचा विचार करायचा असतो हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

आता वहीबद्दल, कारण अनेकांनी विचारलंय. आडवी बांधणी, पान मोठं, बिनरेघांचा जाड कार्ट्रिज पेपर, मार्कर आरपार न जाणारा. चिकटवलेली नाही तर दोऱ्याने शिवलेली, त्यामुळे कुठल्याही पानावर उघडली तरी सपाट पडते. पुठ्ठा इतका कडक की टेबल नसलं तरी चालतं. वरून रेक्झिन, पण गुळगुळीत नाही, दाणेदार, म्हणजे मोज्यातून सटकू नये. आणि दर दोन पानांच्या मध्ये शिवणीत घातलेली बोटभर रुंदीची कागदाची पट्टी. ती कशाला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "परत आल्यावर समोरच्या पानावर फोटो चिकटवाल ना? मग वही पोटातून फुगते. पट्टी ठेवली की फोटोंना जागा राहते." आम्ही फोटो चिकटवणार हे आम्ही बोललोसुद्धा नव्हतो.

सासरे मात्र एका गोष्टीवर अडून होते. बोर्ड्यांची सही ही बोर्ड्यांची, पण मिकीची सही कोणाची? आत आज एक, उद्या दुसरा. ही सही म्हणायची का? त्यांचा जन्म बँकेत गेला, तेव्हा सही या विषयावर ते सहजासहजी मागे हटत नाहीत. तुम्ही दाभणात दोरा ओवत होतात. मान वर न करता म्हणालात, "साहेब, इतक्या वह्या बांधल्या, माझं नाव कुठल्या वहीवर आहे? तरी टाका माझाच आहे ना?" सासरे काही बोलले नाहीत. आमच्याकडे हे क्वचित घडतं.

तिथे गेल्यावर उत्तर आणखी रंगलं. डिस्नेमध्ये प्रत्येक पात्राची सही ठरलेली असते आणि पोशाख घालणाऱ्या प्रत्येकाला ती तशीच गिरवून शिकावी लागते. त्यामुळे मिकीची सही आज घ्या नाहीतर पुढच्या वर्षी, वळण तेच. जावेच्या धाकटीकडे नंतरच्या एका फेरीत घेतलेली मिकीची सही होती. रात्री सासऱ्यांनी दोन्ही वह्या दिव्याखाली शेजारी ठेवल्या, चष्मा लावला, एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि निकाल दिला: "जुळते. चेक पास."

मिकी भेटला मॅजिक किंगडममध्ये, शिरल्या शिरल्या लागणाऱ्या चौकातल्या थिएटरात. आमच्या पुढचा मुलगा छोटी, खिशात मावणारी वही घेऊन आला होता. ती मिटू नये म्हणून मिकीने कोपर, पोट, सगळं वापरलं. सही झाली, मुलगा खूश, त्यात काही कमी नव्हतं. मग आमची पाळी. पात्राबरोबर एक मदतनीस असते. रांग तीच बघते, फोटोही काढते, आणि आतला माणूस दमला की शेवटचं मूल कोण तेही तीच ठरवते. तिने वही उघडली, पान सपाट पडलं, हात काढून घेतला तरी सपाटच. तिने एकदा मिकीकडे बघितलं. मिकी बोलत नाही, पण त्याने दोन्ही हात गालांवर नेऊन अशी काही मान डोलावली की लेक लाजून माझ्यामागे लपली. जाड पेन त्याने सहज उचललं आणि पान भरून सही केली.

गूफीने सही केल्यावर वही उलटी धरून वाचायचं नाटक केलं. प्लूटोच्या सहीशेजारी पंजाचा ठसा आहे. चिप आणि डेल या खारींच्या जोडीत कोण कोणता यावर आमच्याकडे वाद झाला आणि लेकीनेच सोडवला: काळं नाक चिपचं, लाल नाक डेलचं. एपकॉटमध्ये, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्याच दुसऱ्या बागेत, तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्या त्या गोष्टीतली मंडळी भेटतात. मेक्सिकोत डोनाल्ड मोठी टोपी घालून उभा होता, चीनमध्ये मुलान. पायांचे तुकडे पडले, पण सासरे एका दालनातही बसून राहिले नाहीत. वही त्यांच्याकडेच असायची. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

आता मुख्य गोष्ट. फ्रान्सच्या दालनात 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली राजकन्या बेल होती. केसाळ, मुखवट्यातली पात्रं बोलत नाहीत, पण राजकन्या बोलतात, आणि बेल तर गोष्टीतली पुस्तकवेडी. तिने सही करायच्या आधी वही मिटली. पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा उघडली, शिवण बघितली. मग लेकीला विचारलं, ही कोणी बनवली? माझी लेक परक्या माणसाशी एक शब्द बोलत नाही. सोसायटीतल्या वॉचमनकाकांनी नाव विचारलं तरी ती माझ्या ओढणीत शिरते. ती इंग्रजीत म्हणाली, "बाइंडर काकांनी. पुण्यात. त्यांनी हाताला फडकं बांधून बघितलं." बेलला काय कळलं असेल देव जाणे. पण मागे रांग असताना तिने फडक्याची अख्खी गोष्ट ऐकून घेतली, हात कसा गुंडाळला तेही लेकीने करून दाखवलं. मग ती म्हणाली, तुमच्या काकांना सांग, आमच्या गावच्या पुस्तकांच्या दुकानात अशी वही नाही.

ती तिच्या भूमिकेत होती, मला कळतं. रोज कितीतरी मुलांशी तिला असं गोड बोलावं लागत असणार. पण निरोप निरोप असतो, तेव्हा पोचवते.

फ्लोरिडातलं दुपारचं वादळ म्हणजे आपला वळीव, फक्त रोजच्या रोज. ढग येतात, धो धो कोसळतो आणि लगेच पुन्हा ऊन. पहिल्याच दिवशी त्यात सापडलो. पुठ्ठ्याच्या कडेला तुम्ही पाकिटासारखी रेक्झिनची झडप ठेवली होती ना, तिच्याबद्दल मी इथे असताना "कशाला उगीच" म्हटलं होतं. पानाचा एक कोपरासुद्धा भिजला नाही. सासऱ्यांचा शर्ट पिळून काढावा लागला.

जाणाऱ्यांनी एवढं करावं: पेन जाड आणि खटक्याचं घ्यावं, म्हणजे टोपण हरवत नाही. कोण कुठे कधी भेटणार ते बागेच्या अ‍ॅपवर दिसतं, ते सकाळीच बघून ठेवावं, कारण उन्हामुळे पात्रं थोडा वेळ थांबून आत जातात आणि रांग मध्येच बंद होते. आणि वही आधी बांधून घ्यावी. कोणाकडून, ते मी सांगणार नाही, शब्द दिलाय. आप्पा बळवंत चौकात विचारत जा.

काका, तुम्ही पैसे सांगितलेत तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, बरोबर हिशोब केलाय ना म्हणून. झडपेचे धरले नव्हते, पट्ट्यांचे धरले नव्हते, आणि दुपारभर गिऱ्हाईक खोळंबलं ते तर नाहीच. ते देऊ केले असते तर तुम्ही घेतले नसतेत. त्याबद्दलही आभार, आणि थोडी तक्रारसुद्धा. असं करत जाऊ नका, भाच्याला दुकान चालवायचंय.

जावेच्या दोन्ही मुलींना आता तशाच वह्या हव्या आहेत. थोरलीला निळी, धाकटीला लाल, कागद तोच, झडप हवीच. दीर दिवाळीत येतायत, तोपर्यंत झाल्या तर बरं. या वेळी झडपेचे पैसे लावायचे. नाहीतर सासरे स्वतः येऊन हिशोब तपासतील, आणि ते आले की दुपार गेली.

भाच्याला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपली,
मिकीवाल्या वहीची आई

ता. क. फोटो चिकटवायला घेतलेत. लेक फेव्हिकॉल घेऊन बसली होती, सासऱ्यांनी थांबवलंय. ते म्हणतात, आधी काकांना विचारा. तेव्हा खळ की दुसरं काही, तेवढं भाच्याकडून कळवा.