तुम्ही स्वतःचा बनियन कापलात

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिवलेलं कार्डिगन न्यायला आले त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. गळा दाटून आला होता, आणि मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. म्हणून लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवीन म्हणाली. हे चार लोकांनीही वाचावं, असं मला वाटतं. याआधी मला जे ऐकावं लागलं, तेही चारचौघांतच.

कापडाची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सटाण्याकडच्या. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. जन्मभर शेतात राबलेली बाई खिडकीपाशी बसून राहिली. गावाहून दीर डाळिंबं पाठवतात. तेल्या रोगाचे ठिपके पडलेली, व्यापारी हात लावत नाही अशी. पण आतले दाणे कित्येकदा चांगले निघतात. आई फळ दोन गुडघ्यांत धरतात आणि एका हाताने सोलतात. साल मात्र टाकू देत नाहीत. “याचा रंग होतो,” म्हणायच्या. वाळलेल्या साली किलोभर झाल्या, तसं रोज विचारू लागल्या, रंग कधी करायचा?

नाशिकची थंडी तुम्हाला काय सांगायची! डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना चालत नाही, हात वर जात नाही. लोकर टोचते. म्हणून पुढून उघडं, सुती होजिअरीचं कार्डिगन शिवायचं ठरवलं. वजनावर किलोभर पांढरं इंटरलॉक, म्हणजे जाडसर होजिअरी, आणलं, तुरटीत भिजवलं, सालींच्या पाण्यात शिजवलं. गच्चीत वाळत घातलं तेव्हा शेतातल्या मातीची झाक असलेला पिवळा रंग आला होता. एका ठिकाणी माझ्याकडून लोखंडी झारा टेकून राहिला, तिथे काळसर डाग उमटला. मी हिरमुसले. आईंनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हाऊ मना रंग शे.” हा माझा रंग आहे.

मग शिवायला निघाले. पहिल्या ठिकाणी घडीसुद्धा उलगडली नाही. होजिअरी शिवत नाही, तयार आणा, म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तो डाग दाखवून सगळ्यांसमोर विचारलं, जुनी चादर आणली का? तिसरं दुकान मोठं, काचेच्या दाराचं. त्यांनी आगाऊ पैसे घेतले आणि पंधरा दिवसांनी जे हातात दिलं, त्यात शिवणीच्या कडेने बारीक भोकांची रांग होती. जरा ताणलं तर टीप तुटली. खांदा ओघळून दंडापर्यंत आला होता. “घरी उकळून कापडाचा जीव गेलाय, ताई,” असं सांगितलं मला.

मी ते खरं मानलं, काका. आठवडाभर आईंना काही बोलले नाही. त्या विचारायच्या आणि मी शिंप्याकडे गर्दी आहे म्हणायचे. शिवण बिघडल्याचा मला राग नाही, हात कोणाचाही चुकतो. स्वतःची चूक त्यांनी आईंच्या सालींवर ढकलली, तो राग अजून गेलेला नाही.

मग ते तुमच्याकडे आणलं. तुम्ही ती भोकं उजेडाकडे धरलीत. म्हणालात, “कापड उत्तम आहे. सुई चुकीची घातली.” होजिअरी फाशांनी विणलेली असते, टोकदार सुई फासा तोडते, गोल टोकाची त्याला बाजूला सारून जाते, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. माझ्या छातीवरचा केवढा भार उतरला! आणि मग विचारलंत, “कोणता हात उचलत नाही त्यांचा?” इतक्या दुकानांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

पण मी लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीसाठी. खराब भाग काढल्यावर कापड जेमतेम उरत होतं. टीप आधी तुकड्यावर मारून बघायला हवी होती, आणि तुकडा निघत नव्हता. मी म्हटलं, काठाची पट्टी घ्या. तुम्ही माझा हात बाजूला केलात. मशीनमागे खिळ्याला तुमचा धुतलेला बनियन टांगला होता. तो काढलात आणि सरळ कात्री लावलीत. एक टीप मारली, ताणली, तुटली. दोरा सैल केला, पुन्हा मारली, पुन्हा ताणली. पाच वेळा. मी नको नको म्हणत होते. तुम्ही मान वरही केली नाही. “हा बाजारात मिळेल. तुमचं कापड नाही मिळणार.”

आजारी माणसाच्या घरी राहिलं की हात ओळखता येऊ लागतात. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा आईंच्या खांद्याला हात लावण्याआधी स्वतःचे तळवे चोळून गरम करतो. त्याला कोणी शिकवलंय की नाही, मला ठाऊक नाही. रिपोर्ट टेबलावर फेकणारे हातही पाहिले. शिक्षण, पैसा, दुकानाची काच, कशाचाच त्याच्याशी संबंध लागत नाही. तुम्हाला आई माहीत नव्हत्या, साली माहीत नव्हत्या. मी काही सांगण्याआधीच तुम्ही ते कापड कोणाचं तरी आहे अशा रीतीने हातात घेतलंत.

खांद्यात तुम्ही आतून सुती फीत घातलीत, डावी बाही रुंद ठेवलीत, बटणं मोठी आणि काजं जरा सैल. काळसर डाग खिशाच्या आत घेतलात. आई एका हाताने बटणं लावतात. पहिल्या दिवशी चार बटणांना बराच वेळ लागला, पण मला हात लावू दिला नाही. आता सकाळी अंघोळ झाली की आधी कार्डिगन मागतात, आणि उन्हात बसल्या की उजवा हात त्या खिशात असतो.

बिलात तुम्ही फक्त शिलाई लावलीत. सोबत दोन बनियन पाठवते आहे. माप अंदाजाने नव्वद घेतलं. लहान-मोठे झाले तर दुकानदार बदलून देईल, मी बोलून ठेवलं आहे.

तुमची,
पिवळ्या कापडवाली