उरलेली वाट पुढच्या खेपेला

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काही सांगायला लागलं की तू "हो गं आई" म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलेय. अमेरिकेतल्या त्या अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाच्या लांब पायवाटेवर तुम्ही जाणार आहात, त्याचा तुझा तक्ता बाबांनी मोठ्या स्क्रीनवर उघडून दिला. ऑक्टोबरातला तीन दिवसांचा वीकेंड, डेलावेअर वॉटर गॅप ते हाय पॉइंट, म्हणजे जवळजवळ ६९ किलोमीटर. कुठे किती वाजता पोचणार ते मिनिटासकट लिहिलंयस. पाणी कुठे भरणार आणि कुणाचा पाय मुरगळला तर कुठून बाहेर पडणार, याला मात्र रकानाच नाही.

१९९१ मध्ये आम्ही सहा जण राजगड-तोरणा-रायगड करायला निघालो होतो, तेव्हा आमच्याही वहीत हे रकाने नव्हते. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या धारेला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते. फेब्रुवारीचं ऊन, आणि धारेवर थेंबभर पाणी नाही. बुधला माचीखाली पोचेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या. त्यात एकाचा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी वेल्ह्यात उतरून मुकाट एसटी पकडली. घरी आल्यावर तुझ्या आजोबांनी विचारलं, "मग रायगड?" मी म्हटलं, "राहिला." दोन वर्षांनी मोहरी गावापासून सुरुवात केली, सिंगापूर नाळ नावाच्या घाटवाटेनं कोकणात उतरलो आणि रायगड गाठला. मधल्या दोन वर्षांत रायगड काही कुठे गेला नव्हता. तुम्ही आता ज्याला सेक्शन हाइक म्हणता, म्हणजे लांब वाट तुकड्यातुकड्यानं चालणं, ते आम्ही फजितीपोटी करून बसलो होतो.

तुमची वाट तर जॉर्जियापासून मेनपर्यंत, १४ राज्यांतून, साडेतीन हजार किलोमीटर. १९३७ साली ती सलग झाली, आणि १९४८ साली पहिल्यांदा कुणी एका दमात चालल्याचं नोंदवलं. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या बाई खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून आणि साधे कापडी बूट घालून एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई! हे बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तू काही मनात आणू नकोस."

आता माझा बेत ऐक. हाय पॉइंट खोड. २०६ नंबरच्या रस्त्यापाशी, कल्व्हर्स गॅपला थांबा. साधारण ४५ किलोमीटर होतात. शनिवारी १६ चालून मोहिकन आउटडोअर सेंटरपाशी मुक्काम, पण तिथली सोय चालू आहे का ते आधी विचारून घे. रविवार मोठा, २३ च्या आसपास, म्हणून उजाडता निघा. ब्रिंक शेल्टरला मुक्काम केलात की सोमवारी सहाच उरतात. रविवारच्या टप्प्यात मिलब्रुक-ब्लेअर्सटाउन रस्ता आडवा येतो, पुढे ब्लू माउंटन लेक्सचाही येतो. कुणी थकलं तर तिथून बाहेर. हे दोन्ही रस्ते तक्त्यात लाल रंगानं घाल. दोन गाड्या आहेतच, एक आदल्या दिवशी कल्व्हर्स गॅपला नेऊन ठेवा. रात्रभर ठेवायला चालते का ते मात्र बघ.

आणि वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या हिशेबानं धर. गेल्या वर्षी सनफिश पाँडपर्यंत मी तुझ्याबरोबर आले होते ना? सहा किलोमीटर चढायला मला काही वाटलं नाही, पण उतरताना त्या सुट्या धोंड्यांनी गुडघे बोलायला लावले. आपल्या कातळासारखा तो दगड पाय धरून ठेवत नाही. त्यात तुझ्या रूममेटनं आजवर मॉलबाहेर पाठीला पिशवी लावलेली नाही.

त्या तळ्यावरून आठवलं. तिथे खाली डेलावेअर नदीवर टॉक्स आयलंड धरणाचा घाट घातला होता आणि वीज करायला हे हिमनदीनं कोरलेलं तळं वापरणार होते. लोक चालत मोर्चे घेऊन गेले, तळं वाचलं, धरण झालंच नाही. पण खोऱ्यातली माणसं त्याआधीच उठवली होती, ती काही परत आली नाहीत. कोयनेकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तळ्याशी तंबूची आणि पोहण्याची बंदी आहे, ती पाळा.

तुमची वाट जाते त्या किटॅटिनी डोंगराच्या धारेवर उन्हाळ्याच्या शेवटी झरे आटतात. नकाशावर झरा दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका, निघताना माणशी तीन लिटर घ्या आणि झऱ्याचं पाणी गाळायची गाळणी ठेवा. न्यू जर्सीत या वाटेवर शेकोटी पेटवायची नाही, म्हणून छोटा स्टोव्ह लागेल. दशम्या, तिळाची चटणी, चिक्की न्या. मेतकूट नेलंस तर रात्री तंबूत ठेवू नकोस. मुक्कामाला अस्वलांपासून वाचवायच्या लोखंडी पेट्या असतील तर त्यात सगळं जाऊ दे, टूथपेस्टसकट. अस्वलाला कोलगेट आणि मेतकूट सारखंच.

मला खरी भीती गोचिडीची आहे. ऑक्टोबरातही ती असते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघायचं, लाजायचं नाही. शिकारीचा मोसम असतो, तर डोक्यावर भगवी टोपी असू दे. (नारंगी म्हण हवं तर.)

झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या, दोन इंच रुंद नि सहा इंच उंच, त्यांच्यामागून जायचं. एकावर एक दोन दिसल्या की थांबून वळण शोधायचं. निळी पट्टी म्हणजे पाण्याकडे किंवा शेल्टरकडे जाणारी आडवाट. आपल्याकडे कोण कुठे बाण रंगवेल त्याचा नेम नसतो, तसं तिथे नाही.

मेमध्ये आम्ही येऊच. कल्व्हर्स गॅप ते हाय पॉइंट तेव्हा माझ्यासाठी राखून ठेव. बाबा गाडीत थांबतील, त्यांचं ठरलंय.

सुधारलेला तक्ता रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई