काढलेली गाठ जाते कुठे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियावरून काढलेल्या गाठींची पॅथॉलॉजी तपासणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जन पेशंटला पाहतात, मी त्यांनी काढलेला तुकडा पाहते. तो माझ्यापर्यंत आला तर. हे पत्र न येणाऱ्या तुकड्यांबद्दल आहे.

योनीमुखाजवळ गाठ आली की बाई कित्येक महिने कुणाजवळ बोलत नाही. 'खाली गाठ आलीय' हे नवऱ्याला सांगतानाही तिची जीभ अडखळते. मग कधीतरी दवाखाना, आणि तिथलं उत्तर ठरलेलं: बार्थोलिन सिस्ट, म्हणजे योनीमुखाजवळच्या ग्रंथीचं तोंड बंद होऊन आलेली साधी गाठ. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण त्याच जागी आणि तशाच रूपात सार्कोमाही वाढू शकतो, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींमधून उगवणारा कॅन्सर. योनीमुखाचा कॅन्सर मुळात कमी, त्यात सार्कोमा शंभरात एक ते तीन. तालुक्याच्या डॉक्टरांना तो उभ्या आयुष्यात एखादा दिसेल, कदाचित तोही नाही. गाठ बऱ्याचदा दुखत नाही, ताप नसतो, वरची कातडी शाबूत असते. नुसतं बघून आणि चाचपून ती ओळखता येत नाही, म्हणून ओळखली नाही याचा दोष मी कुणाला देत नाही. माझी तक्रार पुढची आहे.

लोकल भूल देऊन गाठ काढतात आणि बाहेर येऊन विचारतात, "तपासायला पाठवायची का? पैसे वेगळे पडतील." सासू विचारते, "साधीच आहे ना?" डॉक्टर मान हलवतात आणि गाठ दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. काही महिन्यांनी ती त्याच जागी परत येते. मग पुन्हा तेच. ज्या राज्यात गर्भपिशवी काढायची एवढी घाई, तिथे काढलेली गाठ तपासायचा एवढा आळस का, हे मला अजून उमगलेलं नाही.

एक गाठ माझ्याकडे पोचली. चाळिशी ओलांडलेली शेतमजूर बाई, दुसऱ्यांदा काढलेली गाठ. मुलाने ती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत आणली होती, सलाईनमध्ये बुडवून, तुकडे तुकडे. ऊती टिकायला दहा टक्के फॉर्मॅलिन लागतं. सलाईनमध्ये त्या कुजतात. चिठ्ठीवर 'सिस्ट' एवढंच. जेवढं शाबूत होतं त्यात लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूतून उगवणारा सार्कोमा, दिसला. सगळा निघाला का, हे मात्र मी सांगू शकले नाही. गाठ अखंड असेल तर तिच्या कडेला शाई लावून तपासता येतं, तुकड्यांची कड कोण शोधणार? पहिल्या वेळची गाठ आली असती तर निदान तेव्हाच झालं असतं.

सार्कोमात पहिलं ऑपरेशन सगळ्यात मोलाचं. आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं (सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवावं), एमआरआय, आणि हा रोग रक्तावाटे फुप्फुसात जातो म्हणून छातीचा सीटी. मगच भोवतालच्या निरोगी ऊतींसह गाठ अखंड काढायची. शिवाय सगळ्या गाठींना एकच उपाय लागू पडत नाही. एपिथेलिऑइड सार्कोमा जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्येही पसरतो आणि ओळखायला आयएनआय-१ हा खास रंग लावावा लागतो. ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण कटिभागात खोल घुसतो आणि वर्षांनी परत येतो. काही बायकांत तो हार्मोन दाबणाऱ्या इंजेक्शनने आक्रसतो. लहान मुलींत द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा रॅब्डोमायोसार्कोमा होतो. त्यात आधी केमोथेरपी दिली तर अवयव बऱ्याचदा वाचवता येतात. घाईने कापणारा हात त्या मुलीचं कायमचं नुकसान करतो.

मी नवं हॉस्पिटल मागत नाही. खासगी नर्सिंग होम 1949 च्या नोंदणी कायद्याखाली येतात आणि सरकारी रुग्णालयं तर तुमचीच आहेत. परिपत्रक काढून दोघांनाही एक ओळ लागू करा: योनीमुखावरून काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे. गाठ टणक असेल, पाच सेंटिमीटरहून मोठी असेल, परत आलेली असेल किंवा चाळिशीनंतर नव्याने आलेली असेल, तर बायोप्सीआधी ती काढायला घेऊ नये. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी मोफत करा, कारण जनआरोग्य योजनेचा आधार निदान झाल्यावर मिळतो आणि बाई अडते ती निदानाच्या आधी. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण खात्याशी बोलावं लागेल, कारण हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे काढलेल्या ऊती तपासणारे, विभाग मुख्यतः मेडिकल कॉलेजांत आहेत. दोन खात्यांत फाइल किती काळ फिरते हे मी आपल्याला सांगायला नको.

तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी आपल्याच केंद्रांवर चालते. बाई टेबलावर असतेच, टॉर्चही हातात असतो. स्पेक्युलम (आत पाहण्याचं उपकरण) घालण्याआधी बाहेरचा भाग नीट पाहून हात लावावा, एवढं नर्सच्या प्रशिक्षणात घातलं तर पैसा लागत नाही. 'सुई लावली की कॅन्सर भडकतो' ही गावोगावची भीती घालवायचं काम मात्र आशाताईच करू शकतील.

अवघड निदानासाठी आमच्यासारख्यांना वरिष्ठांचं मत लागतं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं; प्रत्येक जिल्हा रुग्णालय अशा सल्ल्याच्या व्यवस्थेला जोडून घ्या. आणि पेशंट परळच्या टाटा रुग्णालयात पोचते तेव्हा तिच्याकडे मूळ ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागतात. तिच्या पिशवीत असतो नुसता रिपोर्टचा कागद. मग नवरा रात्रीच्या गाडीने परत गावी. पेशंटने मागितल्यावर सही घेऊन त्याच दिवशी ब्लॉक द्यावा, हेही परिपत्रकात लिहा. आमच्या लॅबवाल्यांना ते आवडणार नाही, तरी लिहा.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट