बातमी सहीपाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. माझी मुलगी नववीत आहे आणि फुटबॉल खेळते, फॉरवर्ड म्हणून. आमच्याकडे आपला अंक सकाळी आला की क्रीडा पान आधी तिच्या हातात जातं, मला ते तिच्यानंतरच मिळतं.

तिची कात्रणांची एक वही आहे. काही जुनी कात्रणं तिच्या सरांनी दिलेली. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरची बालादेवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडं गेली, ते आहे. 2022 मध्ये पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडं गेली. त्याच वर्षी ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडं. मग मनीषा 2024 मध्ये ग्रीसच्या पाओक क्लबात आणि 2025 मध्ये पेरूच्या अलियांझा लिमामध्ये. परवा रात्री वही चाळत बसलो होतो. जवळपास प्रत्येक कात्रणात नवी जर्सी हातात धरलेला फोटो आणि ‘पहिली भारतीय’ हे शब्द. ती खेळाडू तिथं गेल्यावर संघात आली का, बाकावर बसली का, गोल केले का, पाय दुखावला का, याची एकही ओळ नाही. प्रत्येक बातमी करारावरच्या सहीपाशी संपते.

मला पालक म्हणून नेमकं पुढचंच हवं असतं. मुलीला सातवीत सरावाला घातलं तेव्हापासून घरात एकच प्रश्न आहे. तिचे मामा दर दिवाळीला विचारतात, ‘भावजी, हे सगळं ठीक, पण पुढं काय? आणि उद्या गुडघा गेला तर?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बालादेवीच्या कारकिर्दीत आहे, पण ते मला पेपरातून मिळालं नाही, मुलीनं मोबाइलवर शोधून सांगितलं.

बालादेवीचा करार दीड वर्षाचा होता. ती पोचते न पोचते तोच कोरोनानं सगळं बंद पडलं. परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, खेळ बंद. डिसेंबर 2020 मध्ये मदरवेलविरुद्ध ती बदली खेळाडू म्हणून उतरली आणि गोल केला. युरोपातल्या अव्वल साखळीत भारतीय महिलेचा तो पहिला गोल. पुढच्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारा पट्टा, फाटला. एखादीचं खेळणं तिथंच थांबलं असतं. ही शस्त्रक्रियेनंतर परत मैदानात आली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, भारताकडून पन्नासावा गोल केला. आधी ती मणिपूर पोलिसांकडून खेळायची, हेही मी मुलीच्या मामांना मुद्दाम सांगितलं. नोकरीचा विषय निघाला की त्यांचा सूर लगेच बदलतो.

गुडघ्याचं आणखी थोडं लिहितो, कारण आम्हा पालकांची खरी भीती तीच आहे. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते आणि परत खेळायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं. पण खेळण्याआधी वीसेक मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप केला तर दुखापती कमी होतात, आणि असा वॉर्मअप फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेनंच तयार करून दिलेला आहे. तो करायला पैसा लागत नाही, मशिन लागत नाही. आमच्या मुलींच्या मैदानावर उन्हाळ्यात जमीन फरशीसारखी टणक असते आणि जुलैत काळ्या मातीचा चिखल तळव्याच्या खिळ्यांना, म्हणजे स्टडला, चिकटून बूट किलोभर जड होतात. तशा मैदानात मुली थेट सामन्याला उतरतात. हा वॉर्मअप आपल्या पानावर एकदा चित्रांसह छापलात, तर कितीतरी गुडघे वाचतील.

मनीषा कल्याणचंही तसंच. ती आधी धावपटू होती, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळेतच फुटबॉलकडं वळली. नोव्हेंबर 2021 मध्ये ब्राझीलमध्ये, त्यांची ज्येष्ठ खेळाडू फोर्मिगा हिच्या निरोपाच्या सामन्यात, तिनं आठव्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली होती. भारत 6-1 हरला, म्हणून त्या गोलाची किंमत कमी होत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये भारतानं एस्टोनियाला 4-3 हरवलं, त्यात दोन गोल तिचे. ऑगस्ट 2022 मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय. सायप्रस, ग्रीस, पेरू: तीन देश, नव्या भाषा, दर वेळी नव्या प्रशिक्षकापुढं पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करणं. फॉरवर्डला तर गोल हाच हिशेब. चार सामने कोरडे गेले की जागा जाते. हे सारं पंचविशीच्या आत एका मुलीनं निभावलं आहे, आणि आमच्या घराबाहेर यार्डात तिचं नाव माहीत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

सांगलीला मुलींच्या खेळाचं कौतुक नाही असं कुणी म्हणू नये. स्मृती मानधनाच्या धावा इथं चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतात, कारण त्या रोज छापून येतात. फुटबॉलचं वेडही लांबचं नाही. पलीकडं कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. वाचक आहेत, त्यांना मजकूर मिळाला पाहिजे.

म्हणून विनंती एवढीच, की परदेशात खेळणाऱ्या आपल्या मुलींसाठी आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, एक छोटी चौकट द्यावी. कोणती मुलगी कोणत्या क्लबकडून किती मिनिटं खेळली, गोल किंवा गोलाचा पास झाला का, दुखापत असेल तर कुठवर बरी झाली आणि करार कधी संपतो, एवढं त्यात असावं. खेळली नसेल त्या आठवड्यात ‘खेळली नाही’ असंही छापावं.

आपला,
एक पालक, मार्केट यार्ड, सांगली