बोहारणीला देण्याआधी

लीड्स, १६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वहिनीने फोनवर तुझ्या ट्रंकेचं सांगितलं तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. दिवाळीच्या आवराआवरीत ती ट्रंक माळ्यावरून खाली आली आणि त्यातलं अर्धवट विणलेलं सगळं तू बोहारणीला देऊन टाकणार आहेस म्हणे. आत्या, देऊ नकोस गं. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

साड्या दे, शर्ट-पँटी दे, पण सुईवर राहिलेलं विणकाम वेगळं. अंगावर वापरलेला स्वेटर उसवायला घेतला तर तो कोपराला झिजलेला असतो, काखेत धुऊन धुऊन घट्ट बसलेला असतो, शिवणी शोधण्यात अर्धी दुपार जाते. तुझे तुकडे कुणी घातलेले नाहीत, धुतलेले नाहीत. टाके उघडे आहेत आणि धागा अजून गुंड्याला जोडलेला आहे. सुई काढायची आणि ओढायचं, बस.

मी राहते तो मुलूखच जुन्या लोकरीवर पोसला गेला. इथून जवळ बॅटली नावाचं गाव आहे. तिथे बेंजामिन लॉ या माणसाने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायची रीत बसवली. त्या कापडाला शॉडी म्हणतात. बॅटली आणि शेजारच्या ड्यूसबरीच्या गिरण्या कितीतरी वर्षं त्यावर चालल्या. आपल्याकडे हेच काम पानिपतला होतं; परदेशांतून टाकलेले लोकरी कपडे तिथे गाठोड्यांनी येतात आणि त्यांची ब्लँकेटं होतात. फेकून देण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण पिंजताना तंतू तुटतो, आखूड होतो, आणि ते कापड खरखरीत निघतं. हाताने उसवलेला धागा मात्र अख्खा राहतो, पीळ राहतो, लांबी राहते. तू निवडून आणलेली लोकर चिंध्यांच्या ढिगात कशाला घालायची?

आमच्या वाचनालयात दर आठवड्याला विणणाऱ्या बायका जमतात. त्यांत नव्वदी गाठलेल्या एक आजी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे इंग्लंडमध्ये कपड्यांवर रेशन होतं, १ जून १९४१ पासून थेट १९४९ पर्यंत. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि एका कूपनावर दोन औंस विणायची लोकर, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या ४०० ग्रॅमच्या स्वेटरला सातेक कूपनं जायची. जुन्या कपड्यांना मात्र कूपन लागत नसे, म्हणून बायका जुने स्वेटर विकत घ्यायच्या ते उसवण्यासाठीच. सरकारनेही १९४३ साली जुनंच दुरुस्त करून वापरा, असं सांगणारी पुस्तिका काढली होती. आजींचं काम ठरलेलं: दोन्ही हात पुढे धरून बसायचं आणि आई त्यांवर लडी चढवायची. हात दुखले तरी खाली घ्यायचे नाहीत. त्यांनी मला ते करून दाखवलं, अंगठे वर, तळवे समोरासमोर. अगदी तू मला ओसरीवर बसवायचीस तसंच!

आता मुद्द्याचं. आधी एकेक तुकडा काढून खरी लोकर कुठली आणि ॲक्रिलिक कुठलं ते बघ. आपल्याकडे लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. बोटभर धागा चिमट्यात धरून, भांड्यावर, जपून पेटव. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती आपोआप विझते आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो.

उसवताना धागा सरळ गुंड्यावर गुंडाळू नकोस, खुर्चीच्या पाठीवर फेरे घे. फेरे मोजलेस तर किती मीटर निघाली तेही कळेल. मग लडीला चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांध. रंगीत दोरा नको, त्याचा रंग लागतो.

उसवलेला धागा इतका नागमोडी का राहतो माहीत आहे? ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा पडतात ना, तसंच हे. केस आणि लोकर दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. पाण्याने त्यातले बारीक बंध सुटतात आणि वाळताना असतील त्या आकारात पुन्हा बसतात. तेव्हा लडी कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेव. रिठ्याचं पाणी थोडं घातलंस तर फारच छान. चोळायचं नाही, पिळायचं नाही, कोमटातून एकदम गार पाण्यात घालायचं नाही, नाहीतर लोकर आटते. पंच्यात दाबून पाणी काढ आणि सावलीत दांडीवर टाक. खाली वजन बांधायची रीत आहे, पण मला ती पटत नाही. ताणून सरळ केलेली लोकर पहिल्या धुण्यात पुन्हा आखडते, आणि तोवर तिचा स्वेटर झालेला असतो.

धुण्याचा कंटाळा मात्र करू नकोस. तुझ्या प्रत्येक तुकड्याबरोबर न विणलेला गुंडा आहे. उसवलेला नागमोडी धागा आणि गुंड्यातला सरळ धागा एकाच कामात घेतलेस, तर जिथे एक संपून दुसरा सुरू होतो तिथे पट्टा दिसणार. टाके तेवढेच, सुया त्याच, तरी वीण बदललेली. दोन्ही भिजवून वाळवलेस की फरक राहत नाही.

ॲक्रिलिकला हा उपाय पुरा पडत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री वर अधांतरी धरायची, टेकवायची नाही. जास्त ऊब लागली तर ते कायमचं लुळं पडतं. ते सरळ चौकोनांना वापर, माझ्या मते त्यावर जास्त जीव काढू नये.

तुकडे जोडायला गाठी मारू नकोस. खऱ्या लोकरीची दोन्ही टोकं बोटभर उकलायची, एकमेकांवर ठेवून पाण्याचा थेंब लावायचा आणि तळव्यांमध्ये जोरात घासायचं. ऊब आणि घर्षणाने तंतू एकमेकांत अडकतात, जोड शोधूनही सापडत नाही. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीला हे जमत नाही, कारण तिच्या तंतूंवरचे खवले मुद्दाम गुळगुळीत केलेले असतात.

रंगाला जोड मिळणार नाही, हे धरूनच चाल. इतक्या वर्षांनी तोच मरून रंग कुठून येणार? शेटलंडजवळच्या फेअर आयल बेटावरच्या बायकांची पद्धत मला आवडते: एका ओळीत दोनच रंग, पण ओळी बदलत जातील तसे रंगही बदलत जातात. एवढी एवढी लोकर असली तरी खपते. जाडी मात्र सारखी हवी. पट्टीवर धागे शेजारी शेजारी गुंडाळून इंचात किती बसतात ते मोज.

दादासाठी विणायला घेतलेला मरून स्वेटर, जो दादा तिसरीत असताना सुरू केलास आणि पाठ होईपर्यंत तो पाचवीत गेला, तो आधी काढ. त्याच्या लेकीला त्यात स्वेटर होईल आणि वर टोपीही निघेल. राखाडीच्या बाह्या करता येतील. माझी कुंची ट्रंकेतच असेल, तिला हात लावू नकोस. ती पूर्ण झालेली आहे.

दादा-वहिनी डिसेंबरात इकडे येणार आहेत. तुला एवढं सगळं उसवणं झेपणार नसेल, तर निळे आणि हिरवे तुकडे सुयांसकट त्यांच्याबरोबर पाठव. सुया सामानाच्या बॅगेत टाकायला सांग, हातातल्या पिशवीत नको. बांधण्याआधी कसर लागलेली नाही ना बघ; बारीक भोकं किंवा जाळी दिसली तर तो तुकडा वेगळा काढ, बाकीच्यांत मिसळू नकोस.

आणि छोटीच्या छातीचं आणि बाहीचं माप टेपने घेऊन कळव. वय सांगून भागत नाही, ती तिच्या वयापेक्षा उंच आहे.

आतोबांना नमस्कार.

तुझी,
सुमी